चौसष्टचे शेहेचाळीस

मशीनवाल्याचे पाय कधी एका जागी राहत नसत. आठवडाभर दुकानात लोकांच्या शिलाई मशीनची पायडलं मारून बघायची, आणि रविवारी चर्चमध्ये पायपेटीचा भाता मारायचा. या दोन कामांत त्याच्या पायांना काही फरकच कळत नाही, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची आणि वर स्वतःच हसायची. हे तिच्या ऑपरेशनच्या आधीचं.

वर्षापूर्वी तिच्या गळ्यातली गाठ काढली. जीव वाचला, त्यासाठी सगळ्या मंडळीने गुडघे टेकले होते. पण गायकवृंदात पहिल्या रांगेत उभी राहून वरच्या पट्टीत गाणाऱ्या बाईला आता जाडाभरडा, मधेच फाटणारा आवाज उरला. डॉक्टर म्हणाले, आहे हा असाच राहील. तेव्हापासून ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसे आणि समारोपाचं गीत सुरू व्हायच्या आत उठून बाहेर जाई. देवाचं तिच्या आवाजाबद्दल काही म्हणणं असेल असं वाटत नाही. माना वळवून बघायची ती माणसंच.

त्या रविवारी सकाळी साडीला पिन लावता लावता ती म्हणाली, "आजचा शेवटचा. पुढच्या रविवारपासून मी घरीच प्रार्थना करीन. त्याच्या घरी जाऊन तोंड मिटून उभं राहणं मला जमत नाही."

"देवाला काय आवाज लागतो का गं?"

"मला लागतो."

चर्चला जाताना वाटेत मशीनवाल्याला सुचलं ते सगळं पोकळ होतं, म्हणून गिळून टाकलं. ती पुढे आणि हा चार पावलं मागे, असे दोघं पोचले. खरं सांगायचं तर तिला समजावायला याच्याकडे तोंडच नव्हतं. वर्षभर हाही पेटी वाजवत होता ती फक्त हातांनी. सूर एक चुकत नव्हता, पण मन कुठे होतं विचाराल तर दुकानात, दवाखान्यात, कुठेही. देवावर रुसलेला माणूस देवाचीच पेटी वाजवत होता, आणि लोक येऊन म्हणत, काय सुंदर वाजवता हो. अशा वेळी त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटे.

पेटीवर बसलं की मंडळी पाठीमागे येई, म्हणून त्याने समोर एक हाताएवढा आरसा ठोकून घेतला होता. तो पाळकांच्या खुणा बघण्यासाठी. त्या दिवशी पाळक आरशात नावालाच होते. याचे डोळे शेवटच्या बाकावर. ती बसली आहे. तिने पर्स मांडीवर घेतली. पर्स खांद्याला लावली. याचा पाय भात्यावर नसतानाही हलत होता. प्रवचन कशावर होतं हे कोणी विचारलं असतं तर फजिती झाली असती.

आता यात एक घोळ होता, तो शुक्रवारचा. पाळक नवे होते. त्यांनी फोनवर गीतांचे क्रमांक सांगितले तेव्हा मशीनवाल्याचे हात तेलाने माखलेले, फोन मान आणि खांद्यात धरलेला. शेवटचं गीत, पाळक म्हणाले, एकशे चौसष्ट. आता चौसष्ट म्हणताना आधी चार ऐकू येतो, साठ मागून. कानाने चार ऐकला, हाताने चार लिहिला आणि त्यापुढे सहा. याच घोळापायी त्याने शाळेत छड्या खाल्ल्या होत्या, पण त्या वाया गेल्या म्हणायच्या. दोऱ्याच्या खोक्यावर उतरलं १४६.

एकशे शेहेचाळीस म्हणजे पश्चात्तापाचं गीत, संथ आणि इतकं खालच्या पट्टीतलं की बेसुरा माणूसही त्यात खपून जातो. एकशे चौसष्ट म्हणजे तिचं गीत. त्याची तिसरी ओळ थेट वर चढते, आणि तिथे वर्षानुवर्षं तिचाच आवाज सगळ्यांना हात धरून नेत असे. वर्षभरात ते कोणी निवडलं नव्हतं, नव्या पाळकांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पाळकांनी क्रमांक मोठ्याने सांगितला. मशीनवाल्याने ऐकलाच नाही, कारण आरशात बायको उभी राहत होती. त्याने घाईघाईने भाता मारला आणि पेटी सुरू केली. तिने जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

मंडळी क्षणभर भांबावली. पण दोन्ही गीतांचं माप एकच, ओळीओळीला अक्षरं आठ-सहा, आठ-सहा. एका डब्याचं झाकण दुसऱ्याला बसावं तसे चौसष्टचे शब्द शेहेचाळीसच्या चालीवर बसले, आणि लोक गाऊ लागले.

*माझा श्वास तुझे देणे, गाईन तुलाच.*

हे तर तिचे शब्द. आरशात पाळक हात हलवत होते, थांबवा, पुन्हा सुरू करा. मशीनवाल्याची बोटं उचलायच्या बेतात होती. तेवढ्यात तिसरी ओळ आली. ती वर चढलीच नाही, खालूनच सरळ गेली, आणि मागून, दाराच्या बाजूने, एक जाडाभरडा आवाज त्या ओळीबरोबर चालू लागला.

त्याने आरशातून नजर काढून घेतली. पाळकांचा हात त्याला दिसला नाही असं तो पुढे सांगत असे, आणि चर्चमध्ये बोललेलं हे त्याचं एकच खोटं. चूक आता चूक राहिली नव्हती, त्याने ती हातात घेतली होती. दुसरं कडवं, तिसरं, चौथं. पाय आपोआप संथ झाले. रडू येत होतं, रागही येत होता, आणि त्या दोन्हींसकट तो देवाशी बोलत होता, वर्षात पहिल्यांदा. शब्द धड नव्हते. नुसतं, ऐकतोयस ना, ऐक.

चार कडवी झाली. पुस्तकात पाचवं नव्हतं. त्याने हात काढले नाहीत, चाल पुन्हा पहिल्यापासून धरली. लोकांनी पुस्तकं मिटली, एकमेकांकडे पाहिलं, आणि गप्प झाले. ती गप्प झाली नाही. पहिलं कडवं तिने एकटीने पुन्हा घेतलं. सगळ्या माना वळल्या. दुसऱ्या ओळीत तिचा आवाज फाटला, आणि ती त्या फाटलेल्या आवाजातच पुढची ओळ गाऊ लागली.