झेंड्यांखालची माती

जुन्या बस आगाराची डिझेलची टाकी वीस वर्षं गळत होती आणि वीस वर्षं कोणालाच वास आला नव्हता; बहुधा सगळ्यांना सर्दी असावी. आता तिथे कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर व्हायचं होतं, म्हणून नाकं एकदम उघडली. तेलकट माती उपसून ढीग रचले, शेणखत मिसळलं, पाणी शिंपलं, नळ्यांनी हवा सोडली. डिझेल खाणारे जंतू निमूटपणे जेवायला बसले.

मॅनेजरसाहेबांना एवढंच खुपत होतं, की जंतूंनी उद्‌घाटनाची पत्रिका वाचली नव्हती. सोमवारी फीत कापायची आणि ढिगातल्या डिझेलचा आकडा किलोमागे सहाशे चाळीस मिलिग्रॅमवर अडलेला. मर्यादा पाचशेची.

माती तपासणारी ताई म्हणजे त्यांच्या बायकोची थोरली बहीण. गुरुवारी ती आली तर पाळणाघराच्या अंगणात सहा लाल झेंडे रोवलेले.

"ताई, नमुने इथूनच घ्या," साहेब म्हणाले. "घरचंच काम आहे."

झेंड्यांखालची माती भुसभुशीत, कालच ओतलेली. वर स्वच्छतेसाठी फिनेल शिंपडलेलं, म्हणजे नाकाचं कामच संपलं. ताईला कळलं, बाहेरची माती ओतून आकडा पास करून घ्यायचा बेत आहे. सोमवारी याच अंगणात तिची भाची, साहेबांची ठमी, खेळणार होती, आणि ठमी अजून माती खात होती. अहवालावर सही नाही केली तर बहीण वर्षभर बोलणार नव्हती. ताईने झेंड्यांखालचे नमुने घेतले आणि न सांगता ढिगातलेही.

शनिवारी तिने अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. ढीग: चारशे सत्तर. कोणी पाठ थोपटली नसताना जंतूंनी काम फत्ते केलं होतं. झेंडे: तेवीसशे.

साहेबांनी तिच्यासमोरच ट्रकवाल्याला फोन लावला. "तुला चांगली माती आणायला सांगितली होती ना?"

"तुमचीच आहे की साहेब," फोनमधून आवाज आला. "पहिल्या खड्ड्यातली तेलकट, तुम्हीच गुपचूप टाकून यायला सांगितलेली. म्हटलं, लांब कशाला जायचं? उरलेली अंगणभर पसरली."

साहेबांनी घाम पुसला. "ताई, झेंड्यांपुढे ढिगाचा आकडा लिहा. तो तर खराच आहे."

"खरा आहे, पण ढिगाचा."

"एवढी माणसं येणार. माझी अब्रू जाईल हो."

ताईचं डोकं फिरलं होतं, पण आवाज तिने चढवला नाही. "लिहिते, भाऊजी. फक्त सोमवारी सगळ्यांच्या आधी ठमीला त्या मातीत बसवा."

साहेबांनी पेन उचललं आणि पत्रिकेवरचा सोमवार खोडला. पाळणाघराच्या यादीतल्या बाकीच्या एकतीस मुलांसाठी तो खोडायचं त्यांना सुचलं नव्हतं.