ओरखडा नसलेला माणूस

अंगावर एकही ओरखडा नसावा, असं पत्रकात पहिल्याच ओळीत छापलं होतं, आणि ती ओळ वाचत असताना उस्तादच्या दोन हातांवर मिळून सतरा ओरखडे होते. अठरावा त्या पत्रकाच्याच कडेने झाला.

उस्ताद काच कापायचा. बावीस वर्षं. खिडक्या, आरसे, टेबलावरच्या काचा, मासे ठेवायच्या पेट्या. पट्टी लावायची, हिरकणीने, म्हणजे हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने, एक रेघ ओढायची, दोन्ही बाजूंना अंगठे टेकवून जरासं दाबायचं, की काच मुकाट्याने दोन होते. रेघ एकदाच ओढायची. दुसऱ्यांदा ओढली की काच ते मनात ठेवते आणि भलतीकडे तडकते. 'उस्ताद' हे नाव त्याला पडलं तेव्हा कौतुकाने पडलं होतं. पण गेले काही महिने त्याचा उजवा हात थरथरत होता, आणि लोक तेच नाव आता आजाऱ्याची चौकशी केल्यासारखं घेत होते.

डॉक्टरने सगळ्या तपासण्या केल्या. "हे नसांचं आहे, वयाचं आहे किंवा ताणाचं आहे," तो म्हणाला. "तिन्हींपैकी एक नक्की."

"कुठलं?"

"ताणाचं असेल तर जाईल."

म्हणजे गेलं नाही तर ताणाचं नव्हतं, हे नंतर कळणार. उस्तादने मनाशी ठरवलं, थरथर थांबली तर ठीक, नाही तर हिरकणी खाली ठेवायची, कायमची. हे तो कोणाला बोलला नाही. पण त्याच्या घरात मनाशी ठरवलेलं आधी बायकोला कळायचं, तिच्याकडून त्याच्या थोरल्या बहिणीला, आणि मग ताई येऊन ते त्यालाच सांगायची.

या वेळी ताई येताना बक्षीस घेऊन आली. तिला ऑफिसातल्या सोडतीत दुसरं बक्षीस लागलं होतं, ते म्हणजे एक तास काळोख. शहरात अशी एक जागा होती जिथे माणसाला मिठाच्या पाण्याच्या बंद टाकीत तरंगत ठेवत. उजेड नाही, आवाज नाही, पाणी अंगाइतकंच कोमट. पाचही इंद्रियांना सुट्टी. ताण म्हणे मुळापासून उतरतो. पहिलं बक्षीस मिक्सर होतं, आणि तो ज्याला लागला त्याच्याशी ताई अजून बोलत नव्हती.

"मी नाही बाई जायची," ती म्हणाली. "अंधारात, बंद पेटीत, एकटी. त्यासाठी मरण आहे की पुढे. तू जा."

"मला काय होणार जाऊन?"

"झालं तर होईल. नाही तर अंग तरी धुऊन निघेल."

दहा दिवसांनंतरची वेळ मिळाली, आणि सोबत सूचनांचं ते पत्रक. अडचण एकच होती, मीठ. पाण्यात इतकं मीठ की टाचणीएवढी जखमही आग ओकते. जखमेवर मीठ चोळून घ्यायला लोक एरवी नातेवाइकांकडे जातात. इथे वेळ ठरवून, टॉवेल घेऊन जायचं होतं. तेव्हा आधी जखमा भरायला हव्यात. जखमा भरायच्या तर काचेपासून लांब राहायला हवं. आणि ज्या कामासाठी हात बरा करायचा, तेच काम दहा दिवस बंद.

दुकान मेहुण्याच्या ताब्यात गेलं. हा बायकोचा धाकटा भाऊ याआधी चार धंदे करून बसला होता. शेवटचा ससे पाळण्याचा. ससे त्याच्यापेक्षा हुशार निघाले. तेव्हापासून तो दुकानात काचा उचलणं, कडा घासणं असली कामं करायचा.

"भावोजी, तुम्ही निश्चिंत राहा," तो म्हणाला. उस्ताद त्या क्षणापासून चिंतेत पडला.

घरात बायकोने सूत्रं हाती घेतली. तिने ओव्हनचे जाड हातमोजे आणले, सूर्यफुलांची छपाई असलेले, आणि त्याच्या मनगटांना नाड्यांनी बांधून टाकले. सुरी बंद. पाकिटं फोडणं बंद. शेजारच्यांची मांजर खिडकीतून यायची, तिला खिडकी बंद. पेपरची कड लागते म्हणून पेपरही बायकोच धरायची, आणि पान उलटायच्या आधी विचारायची, "झालं का?" तिला स्वतःला वाचायचं असलं की विचारायची नाही. पत्रकात केसांना रंग लावू नये असंही होतं, त्यामुळे उस्ताद तिसऱ्या दिवसापासून कानांवर पांढरा होत चालला.

"अहो, निदान खरं वय तरी कळलं," बायको म्हणाली.

दुकानात त्याला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची परवानगी होती. तो हातमोजे मांडीवर ठेवून बसायचा. एका बाईने आरसे बघता बघता त्यालाही पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मेहुण्याला विचारलं, "हे विकायचंय का?"

"नाही, ते आमचे मालक आहेत."

"असं होय," म्हणत ती पुढच्या आरशाकडे वळली.

चौथ्या दिवशी ताई हात बघायला आली. हातमोज्यात तो दिसत नव्हता.

"अगं बाई, थांबला की गं!" ती बायकोला म्हणाली. "सूर्यफूल जरासुद्धा हलत नाही."

"मी तेच म्हणतेय कालपासून."

उस्ताद आत थरथरत होता. आतला कापूस इतका जाड होता की बातमी बाहेर पोचत नव्हती. सांगावं असं त्याला वाटलं. पण दोघी इतक्या खूश होत्या की गप्प राहणं हे घरकामासारखं वाटलं, आणि घरकामापैकी सध्या त्याला करता येण्याजोगं तेवढंच उरलं होतं.

सहाव्या दिवशी मेहुण्याने गोल टेबलाची काच कापली. गोल कापणं सरळ कापण्यासारखं नसतं. हात खांद्यातून फिरवावा लागतो, मध्ये श्वास घ्यायचा नाही. उस्तादला ते जमायला तीन वर्षं लागली होती. मेहुण्याने जीभ दातांत धरली, हात फिरवला, खालून टकटक केलं, आणि गोल ताटासारखा सुटून आला.

"बरोबर आलं का हो, भावोजी?"

उस्तादने कड बघितली. चूक शोधली. जोर लावून शोधली.

"बरोबर आलं," तो म्हणाला.

"तुमचं बघून बघून," मेहुणा म्हणाला. तो खरंच तसं मानत होता, त्यामुळे त्याचा रागही धरता येईना.

नवव्या दिवशी शेवटची खपली पडली. बायकोने नाड्या सोडल्या आणि त्याचे हात उजेडात उलटसुलट फिरवून बघितले. एक ओरखडा नाही, एक चीर नाही. बावीस वर्षांत हे हात असे कधी नव्हते. उस्तादला ते दुसऱ्या कोणाचे तरी वाटले. एखाद्या कारकुनाचे, तोही रजेवर असलेल्या. उजवा थरथरत होताच.

"उद्या जाईल," बायको म्हणाली. मग तिने सूर्यफुलं धुवायला टाकली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ताई त्याला घेऊन गेली. सकाळी कॉफी नाही, दाढी नाही, नाश्ता हलका. तिथली मुलगी इतक्या मऊ आवाजात बोलायची की तिच्यासमोर स्वतःचे बूट वाजल्याचीही लाज वाटावी. तिने त्याचे हात तपासले आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"वा! एवढी तयारी करून कोणीच येत नाही. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दाढी करून आले होते. रस्त्यापर्यंत ओरडत गेले."

तिने कानात घालायला मेणाच्या गोळ्या दिल्या, आंघोळीची जागा दाखवली, आणि टाकीचं झाकण उघडून समजावलं, "आत गेल्यावर पाणी थोडं हलेल. तुम्ही नुसतं पडून राहायचं. पाणी आपोआप स्थिर होतं. मग आपण कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं, तेच कळत नाही."

"किती वेळ लागतो स्थिर व्हायला?"

"तीन मिनिटं. काहींना चार."

झाकण लागलं. डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच. आवाज नाही. वास नाही. पाणी कोमट, म्हणजे नाहीच. उस्ताद तरंगला. बरं वाटलं, हे त्याला मान्य करावं लागलं. मग उजव्या हातापासून एक बारीक लहर निघाली, टाकीच्या भिंतीला टेकली, आणि परत येऊन त्याच्या बरगडीला लागली. मग दुसरी.

त्याने चार मिनिटं धरली. मग आणखी चार. लहरी येत राहिल्या. डाव्या हाताने उजवा धरला, तर दोन्ही थरथरले. डोक्याखाली घेतला, तर डोकं डुलायला लागलं. शेवटी तो हात पाठीखाली दाबला, तेव्हा सगळा उस्तादच थरथरला, आणि लहरी चारही बाजूंनी यायला लागल्या. बाहेर निदान रस्ता होता, ताई होती, मेहुणा होता. थरथरीकडे दुर्लक्ष करायला माणसाला काही तरी लागतं. इथे तेच सगळं नीट काढून ठेवलेलं होतं. उरली ती एकच गोष्ट, आणि ती त्याने दहा दिवस जपून, एकही ओरखडा न पाडता इथवर आणली होती. त्याने हात पुन्हा मोकळा सोडला आणि उरलेला तास पाणी स्थिर होण्याची वाट बघितली. ते झालं नाही.

"कसं वाटलं?" मुलीने विचारलं.

"छान."

"वेळ कसा गेला कळलंच नसेल."

"कळला," उस्ताद म्हणाला.

ताई बाकावर बसली होती. त्याला बघून उठली. "दाखव."

त्याने हात पुढे केला. तिने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, गच्च, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. क्षणभर बघत राहिली.

"थांबलाय," ती म्हणाली.

"सोड बरं जरा."

तिने सोडला नाही. सगळा रस्ता ती तो हात धरून चालली, आणि मिक्सरवाल्याने आज स्वतःहून कसा नमस्कार केला ते सांगत राहिली. दुकानाच्या दारात तिला पदपथावरून पायरी चढायला चौकट धरावी लागली, तेव्हाच त्याचा हात सुटला.

आत टेबलावर एक मोठा आरसा आडवा होता. नाचाच्या वर्गासाठी, भिंतभर. मेहुणा घाम पुसत उभा होता, आणि बायको डबा घेऊन आली होती.

"या भावोजी!" त्याने हिरकणी पुढे केली. "मोठं काम आहे. तुमच्यासाठी थांबलोय."

उस्तादने हिरकणी घेतली. ती त्याच्या हातात कशी हलते आहे हे तिघांनीही बघितलं, आणि तिघेही लगेच दुसरीकडे बघू लागले. आरशात मात्र ते सगळं खालून दिसत होतं. त्याने ती परत मेहुण्याच्या हातात दिली.

"तूच काप."

"अहो पण..."

"श्वास धर. रेघ एकदाच."

मेहुण्याने श्वास धरला. रेघ सरळ गेली, आरसा मुकाट्याने दोन झाला. उस्तादने खुंटीवरचं फडकं घेतलं आणि काचेवरची धूळ पुसू लागला. थरथरत्या हाताने काच चांगली पुसली जाते. एका जागेवरून फडकं चार वेळा फिरतं.

"अहो, आधी जेवून घ्या," बायको म्हणाली.

"एवढं होऊ दे."

"ते काय, कोणी पण करेल."

"हो," उस्ताद म्हणाला, आणि पुसत राहिला.