शनिवारचा किरण

मिरियमने सहज सांगितलं आणि एझ्राच्या हातातला घास हातातच राहिला.

"काल ती अपेक्षा फोनवर विचारत होती," ती भात वाढता वाढता म्हणाली. "शनिवारी काका विजेला हात लावत नाय ना? मी म्हटलं, नाय गो, साधं बटणसुद्धा दाबत नाय. तर म्हणाली, मग बरंय, उद्या मशीन बंदच असेल, जाऊन आरसे पुसून घेते."

"बंद असेल असं म्हणाली?"

"व्हय. का?"

एझ्राने घास परत ताटात ठेवला. रोह्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर घरी बसून मिरियमचं डोकं खाण्यापेक्षा बरं, म्हणून त्याने ही नोकरी धरली होती. एका संशोधन संस्थेने खांबजवळ हायवेला लागून गोदाम भाड्याने घेतलं होतं. हवा काढून घेतलेल्या काचेच्या डबीत थोडेसे अणू थंडगार करायचे, लेझरच्या किरणाने चिमट्यात धरावेत तसे धरायचे, मग सोडायचे आणि ते कसे पडतात त्यावरून पृथ्वीची ओढ मोजायची. शहरातल्या शांत तळघरात हे जमत होतंच. ट्रक धडधडत जातात तिथे जमतं का, ते बघायचं होतं. गडबच्या भातशेतकऱ्याची मुलगी अपेक्षा त्यावर पीएच.डी. करत होती आणि एझ्रा वायरी, पंप आणि लेझर सांभाळत होता.

शनिवार म्हणजे ज्यू लोकांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी तो बटण दाबत नसे, हे खरं. पण शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी जे चालू असेल ते शनिवारी बंदही करायचं नाही, ही दुसरी अर्धी गोष्ट त्या पोरीला कोणी सांगितलीच नव्हती. घरातला दिवा तसाच तेवत राही, जेवण आदल्या दिवसापासून मंद शेगडीवर ऊन राही, आणि लेझरही तसाच चालू राही. एकदा थंड झाला की ताळ्यावर यायला अर्धा दिवस खाई, म्हणून एझ्रा तो मुद्दाम सोडून येई.

एवढ्यावर भागलं असतं. पण काल संध्याकाळी त्याने किरण अडवणारा काळा पत्रा स्क्रू घट्ट करायला काढला होता. तेवढ्यात मिरियमचा फोन आला, दिवा लावायची वेळ झाली, या लवकर. आणि हा शहाणा पत्रा टेबलावरच ठेवून घरी निघून आला. लेझर चालू असल्याचं सांगणारा दारावरचा लाल दिवाही उडालेला होता. उद्या बदलू, उद्या बदलू म्हणत आठवडा गेला होता.

त्या लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. उभ्या माणसाच्या पोटाच्या उंचीवरून तो टेबलाबाहेर दाराच्या दिशेने जात असणार. खाली पडलेला स्क्रू उचलायला माणूस वाकला, पुन्हा उठला, की डोळा बरोबर त्या उंचीवरून जातो. दुखतही नाही. फक्त डोळ्याच्या मधोमध जळतं आणि तिथली नजर परत येत नाही.

"फोन दे," एझ्रा म्हणाला.

"अवो, शब्बाथ हाय."

"पोरीचे डोळे जातील, मिरियम!"

तिनेच कपाटातून फोन काढला, चालू केला आणि नंबर लावून त्याच्या कानाला धरला. घंटा वाजत राहिली. वाजणारच. फोन बाहेरच्या पेटीत ठेवून आत जायचं, हा नियम एझ्रानेच केला होता.

गल्लीच्या तोंडाशी गणेशची मिनिडोर रिक्षा उभी होती. शनिवारी एझ्राकाका गाडीत चढलेले बघून गणेशचं तोंड उघडंच राहिलं.

"काका, आज?"

"चल. खांबला. विचारू नको काय."

गणेशने विचारलं नाही, पण गाडी काही उडणार नव्हती. कोलाडच्या अलीकडे खड्ड्यांत ती कण्हत होती आणि एझ्रा पुढच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसला होता. त्याला भयंकर भीती वाटत होती. अपेक्षाच्या बापाला, महिपतीला, तो ओळखत होता. पोरगी लेझरवर काम करते म्हणून तो माणूस गडबच्या नाक्यावर परक्यालाही चहा पाजायचा. त्याला आता काय तोंड दाखवू? तुझ्या पोरीचे डोळे मी घालवले म्हणून सांगू? त्याच्या ओठांवर प्रार्थनेचे शब्द येत होते आणि अर्ध्यात तुटत होते.

गोदामाचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या पेटीत तिचा फोन होता. एझ्रा काळा पडदा सारून आत गेला. पंप नेहमीसारखाच घुमत होता, तो कधीच बंद नसे. टेबलापाशी कोणीच नव्हतं.

मग पलीकडून, खालून, गुणगुणणं ऐकू आलं.

तो झटकन वाकला. टेबलाच्या पायांमधून दिसलं: अपेक्षा जमिनीवर बसून सांडलेले स्क्रू गोळा करत होती. हाक तोंडापर्यंत आली आणि त्याने ती गिळली. हाक मारली की माणूस आधी मान वर करतो. तो भिंत धरत मेन स्विचपर्यंत गेला आणि दांडा खाली ओढला. दिवे गेले, पंप थांबला, महिनाभर सांभाळलेली यंत्राची घडी मोडली. त्याला कशाचंच काही वाटलं नाही.

"अगं बाई! लाइट गेली वाटतं," अंधारातून आवाज आला.

"मी हाय गो. उठ आता. बाहेर चल."

त्याने तिला ओढतच उन्हात आणलं. हायवेपलीकडच्या किराणा दुकानाची पाटी दाखवली. "उजवा डोळा झाक. वाच." तिने वाचली. "आता डावा." वाचली. पाटीच्या कोपऱ्यातला फोन नंबरसुद्धा वाचला.

"परत वाच."

"काका, झालंय काय?"

त्याने सांगितलं. ऐकता ऐकता ती पायरीवर बसली. ती किरणाच्या वाटेत आलीच नव्हती, दारातून शिरून पडद्यामागून भिंतीकडेने पलीकडे गेली होती आणि तिकडेच बसली होती. एझ्राने दोन्ही हात आकाशाकडे जोडले. त्याला रडू फुटलं आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

"तुम्ही पण वाचून दाखवा बघू," ती डोळे पुसत, त्याला हसवायला म्हणाली. "वय झालंय तुमचं."

एझ्राने हसून उजवा डोळा झाकला. पाटीची सुरुवात दिसली, शेवट दिसला. मध्ये काहीच नव्हतं. रडण्याने असेल, म्हणून त्याने डोळा पुसला. नजर दुकानदाराकडे वळवली, तर दुकानदाराला तोंड नव्हतं. गणेशकडे वळवली, तर गणेशलाही नव्हतं.

दारातून आत शिरल्या शिरल्या आपण तिला शोधायला वाकलो होतो, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

"काका? बोला ना."

"गणेशला गाडी वळवायला सांग गो," एझ्रा म्हणाला. हात त्याने अजून डोळ्यावरून काढला नव्हता. "पेणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

"पण मला दिसतंय की सगळं."

"तुला दिसतंय, पोरी," तो म्हणाला. "तुला दिसतंय."