यादीत नसलेला शब्द

वहिनीने दाताने दोरा तोडला आणि कोटाचं बटण दोनदा ओढून पाहिलं.

"आता कुणी गळ्यात पडलं तरी तुटायचं नाही," ती म्हणाली. "घाल बघू."

धाकटीने कोट घातला. साठीला टेकलेली बाई. मेंदू आणि यंत्र यांची गाठ घालून देणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये जिचं नाव आधी घेतात अशी. तिचे विद्यार्थीच आता कुठे कुठे विभागप्रमुख होऊन बसले होते. पण या घरात ती धाकटीच. दादाने लहानपणी ठेवलेलं नाव, ते काही सुटलं नाही. वहिनी तर चेष्टेच्या सुरात तिला वन्सं म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात एकेरीवर यायची.

"वन्सं, आज तरी जरा हसा. फोटो निघणार आहेत. तोंड असं केलंयस, की बघणाऱ्याला वाटावं, बाई दंड भरायला निघाल्यात."

धाकटी हसली नाही. समारंभाची गाडी पाचला येणार होती, दोघींना न्यायला. त्याच्या आत वहिनीला सांगायचं की गप्प बसायचं, हे तिला ठरवायचं होतं. आठवडाभर ती तेच ठरवत होती. रात्री ठरलेलं सकाळी मोडत होतं.

मुळात ती हृदयाच्या पेसमेकरवर काम करायची. चांगलं बस्तान बसलं होतं. मग दादाचे हात गळाले, पाय गळाले, आणि एक दिवस जिभेनेही साथ सोडली. स्नायू वाळत गेले, डोकं मात्र लख्ख. तेव्हा हिने चालू काम सोडलं आणि मेंदूकडे वळली. चाळिशी उलटल्यावर नव्याने धुळाक्षरं गिरवायला बसली म्हणून लोकांनी वेड्यात काढलं. माणूस मनातल्या मनात जो शब्द बोलू बघतो, तो त्याच्या मेंदूत बसवलेल्या बारीक तारांनी टिपायचा आणि यंत्राने मोठ्याने म्हणायचा, असा तिचा खटाटोप होता. आज देशोदेशीची मुकी झालेली माणसं तिच्या यंत्रातून बोलतात, घरच्यांवर खेकसतात, नातवंडांना गोष्टी सांगतात. त्या साऱ्यांत पहिला दादा.

त्या दिवसाची हकिगत तर पाठ्यपुस्तकात गेली होती. दादाचा श्वास अपुरा पडायला लागला होता. गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि श्वासाच्या यंत्राला जोडायचं, नाहीतर फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. निर्णय दादाचा. पण पापण्यासुद्धा त्याच्या ताब्यात राहिल्या नव्हत्या. विचारायला एकच वाट उरली होती. धाकटीने त्याच्या कानाशी वाकून विचारलं होतं, "दादा, उपचार थांबवायचे, की पुढे जायचं?"

यंत्र म्हणालं होतं, "आता पुढे."

डॉक्टर रडले, मदतनीस रडले, वहिनी तर दादाच्या छातीवर डोकं टेकून हमसून रडली. दुसऱ्या दिवशी नळी बसली. नंतर मेंदूतल्या तारांवर मांस धरत गेलं, सिग्नल बारीक झाला आणि यंत्रातून नुसती बडबड यायला लागली. दादा त्यानंतर तीन वर्षं जगला आणि त्याचा एक शब्द कुणाला कळला नाही. 'आता पुढे' मात्र राहिलं. प्रयोगशाळेच्या भिंतीवर, भाषणांत, आणि आज मिळणार होतं त्या पदकावरसुद्धा, कोरून.

"वहिनी, जरा बस."

"बसायला फुरसत आहे कुणाला? केस विंचरायचेत अजून."

"बस म्हणते ना."

आवाज ऐकून वहिनी बसली. कंगवा हातातच राहिला. धाकटीने पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला आणि उघडला नाही.

"समारंभात दादाचं ते वाक्य ऐकवायचंय त्यांना. म्हणून जुनं रेकॉर्डिंग मागितलं. म्हटलं, नव्या यंत्रातून काढून देऊ, स्वच्छ येईल. जुन्या यंत्राला आपण शब्दांची यादी दिली होती, आठवतं? त्या यादीबाहेरचं त्याला बोलताच यायचं नाही. नव्याला यादी लागत नाही. ते अक्षर न् अक्षर वाचतं."

"बरं मग?"

"ते 'पुढे' म्हणत नाही, वहिनी. 'पुरे' म्हणतं. 'आता पुरे'."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली.

"नवं यंत्र चुकत असेल," वहिनी म्हणाली.

"दहादा लावून पाहिलं. दहाही वेळा तेच."

"मग जुनं का चुकलं?"

"त्याच्या यादीत 'पुरे' नव्हताच. आपण दोघी याच टेबलाशी बसलो होतो, दादाच्या रोजच्या बोलण्यातले शब्द काढायला. 'पुरे' तूच सांगितला होतास. जेवताना सारखं म्हणतात म्हणालीस. मी काढून टाकला. 'र' आणि 'ढ' म्हणताना जीभ जवळपास सारखीच वळते, यंत्र गोंधळत होतं, चुका वाढत होत्या. दोनातला एकच ठेवू म्हटलं. नको म्हणायला 'नको' होता, 'थांबा' होता. वाटलं, भागेल." ती एका दमात बोलत होती. "आणि पुन्हा विचारायला हवं होतं मी. नियम आहे तसा. एका उत्तरावर कुणी निर्णय घेत नाही. पण सगळे रडत होते, आणि मलाही तेच उत्तर हवं होतं. मी तारांना जोडलेलं यंत्र काढलं."

वहिनीने कंगवा टेबलावर ठेवला. मग सरळ केला. मग उचलून मांडीवर घेतला.

"मला तेव्हाच नवल वाटलं होतं," ती म्हणाली. "हे कधी कशात शेवटपर्यंत बसलेत का? सिनेमाला गेलो तर मध्यंतरात उठायचे. म्हणायचे, कळला मला शेवट, चल. लग्नाला गेलो तर पहिल्या पंगतीला जेवून बाहेर. आणि असा माणूस 'पुढे' म्हणतो? माझा विश्वासच बसेना. मग वाटलं, माझ्यासाठी म्हणाले असतील."

"वहिनी..."

"ऐक. मी ग्रंथालयातली नोकरी सोडली, त्याचं मला काही नाही. पण रात्री-अपरात्री नळी साफ करताना, कूस बदलताना कंबरेचा काटा ढिला व्हायचा गं. तेव्हा मनाशी म्हणायचे, बाई, या माणसाला जायचं होतं आणि तुझ्यासाठी थांबलाय. उठ. तेवढ्यावर तीन वर्षं काढली मी. आणि ते गेल्यावरची ही सगळी वर्षंसुद्धा."

धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भावाचा जीव अडकवून ठेवला होताच, आता वहिनीजवळ उरलेलं तेवढंही तिने ओढून घेतलं होतं. सांगायला नको होतं, असं तिला वाटलं, आणि न सांगता त्या व्यासपीठावर उभी कशी राहिले असते, असंही वाटलं.

"रडतेस काय," वहिनी म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज कोरडा ठक्क होता. "मला एक सांग. आम्ही सगळे रडत होतो, एकमेकांच्या गळ्यात पडत होतो, तेव्हा तारा जोडलेल्या होत्या ना?"

"होत्या. थोडा वेळ."

"मग तेव्हा ते काय म्हणत होते?"

धाकटीने लॅपटॉपवर हात ठेवला.

"आणि नंतर? रोज अर्धा तास जोडून बसायचीस की. कितीतरी महिने."

"तो सगळा कचरा म्हणून बाजूला ठेवला होता. सिग्नल फारच बारीक होता."

"नव्या यंत्राला ऐकू येईल?"

"येईल बहुतेक. मी लावलं नाही, वहिनी. माझी छाती झाली नाही."

"माझी आहे," वहिनी म्हणाली. "लाव."

धाकटीने लॅपटॉप उघडला. जुन्या फायली काढून लावल्या. यंत्राचा आवाज दादाचा नव्हता, कुणाचाच नव्हता, स्टेशनवरच्या घोषणेसारखा सपाट होता. बराच वेळ खरखर आली. मग तो म्हणाला, "पुरे म्हटलं." थोड्या वेळाने, "ऐका." आणि मग पुन्हा, "ऐका ना."

वहिनीने डोळे मिटून घेतले. "पुढचं," ती म्हणाली.

धाकटी एकेका दिवसाची फाईल पुढे ढकलत गेली. पुढचे कित्येक दिवस नुसतंच 'पुरे' होतं. मग तेही कमी कमी होत गेलं. एका दिवशी काहीच नव्हतं. त्यानंतरच्या दिवशी यंत्र म्हणालं, "पंखा." मग, "पंखा नको." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी, "पंखा बंद. गार."

आतापर्यंत दगडासारखी बसलेली वहिनी खुर्चीतून अर्धी उठली.

"थंडी वाजत होती त्यांना!" ती म्हणाली. "धाकटे, थंडी वाजत होती गं. मीच लावायचे पंखा. घाम येत असेल, सांगता येत नाही बिचाऱ्यांना, म्हणून रात्रभर लावून ठेवायचे. पांघरूणसुद्धा कंबरेपर्यंतच..."

आयुष्यभराचा निर्णय उलटा फिरला तेव्हा न फुटलेलं रडू आता फुटलं, आणि ते आवरेना. धाकटीने तिला धरलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या आणि यंत्र मधूनमधून बोलत राहिलं. पाठ. उशी. कोण आलं. पाऊस का. दादा जसा बोलायचा तसा, तुटक, थोडा कुरकुरा. त्यात कुठेही मोठं काही नव्हतं. घरातल्या माणसाचं बोलणं होतं आणि घरात कुणाला ते ऐकू गेलं नव्हतं.

खाली हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. धाकटीचा फोन टेबलावर थरथरायला लागला.

"गाडी आली," ती म्हणाली. "वहिनी, मी तिथे काय बोलू? पदकावर ते कोरलंय. सगळं सभागृह..."

"खरं ते बोल. पण नंतर." वहिनीने पदराने तोंड पुसलं.

धाकटीने यंत्र थांबवायला हात पुढे केला. वहिनीने तिचं मनगट धरलं.

"त्यांचं चाललंय ना अजून? मध्येच तोडू नकोस. एकदा तोडलंस ते बास झालं. ड्रायव्हरला सांग थांबायला."

धाकटीने फोन उचलून तसं सांगितलं. वहिनीने खुर्ची टेबलाजवळ ओढली. खरखर चालू होती, नुसती खरखर, खूप वेळ. मग त्यातून एक शब्द आला. यादी करताना दोघींपैकी कुणाच्या डोक्यातही आला नव्हता, कारण तो काही कुणी शब्द म्हणून मोजत नाही.

"अगं," यंत्र म्हणालं.

पुन्हा खरखर.

"अगं."

वहिनी टेबलावर वाकली. लॅपटॉपच्या अगदी जवळ तोंड नेऊन, दादा बिछान्यात असताना बोलायची त्याच हळू आवाजात ती म्हणाली, "हं. बोला."