माझ्या पाण्यानं सरकलेला जॅक

“पप्पा, आपण सगळ्यांत नवी यंत्रं आणतो म्हणता, मग मजुरांची बाळं अजून स्लॅबखालीच का झोपवतात?”

मित्रांनो, हा प्रश्न नववीतल्या पद्मजानं भर साईटवर विचारला. “विचारून दाखव, नायतर पाणीपुरी तुझ्याकडून!” अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. त्या गेटबाहेर खिदळत होत्या. आत मात्र कुणी हसलं नाही. तिचे वडील, कंत्राटदार मुकुंदराव, एवढंच म्हणाले, “आधी स्लॅब होऊ दे, मग बोलू.”

मी एक जुना काँक्रीट मिक्सर आहे. मुकुंदरावांनी मला घेतलं तेव्हा माझा केशरी रंग लांबून ओळखू यायचा. गारखेड्यातल्या कितीतरी घरांचे स्लॅब माझ्या पोटातून गेले. दसऱ्याला मजूर आवडाबाई मला हळदकुंकू लावायची. पुढं नवं काय काय आलं! काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर आला, ओल्या स्लॅबला टेकू देणाऱ्या लाकडी बल्ल्या जाऊन लोखंडी जॅक आले. आठ दिवसांचं काम पाचात होऊ लागलं, कंपनीचं नाव झालं. मला कुणी धुईना, पोटात काँक्रीट वाळून चिकटलं. माझ्या पाण्याच्या गळत्या टाकीकडंही कुणी बघेना.

पद्मजानं विचारलं त्या दिवशी ऊन तापलं होतं. गारवा फक्त स्लॅबच्या फळ्यांखाली, टेकूंच्या रांगेत. आवडाबाईनं तिथंच दोन जॅकना लुगड्याची झोळी बांधली, आपल्या सहा महिन्यांच्या चिमीला निजवलं आणि ती घमेली वाहायला वर गेली. माझा चालक बन्सी यानं मला सुरू केलं.

वरच्यांना खालचं दिसत नव्हतं, मला दिसत होतं. माझ्याच टाकीतून सांडलेलं पाणी एका जॅकखालच्या मुरमात मुरत होतं. व्हायब्रेटर गुरगुरला की जॅक केसभर सरकायचा. मी ओरडणार कसा? मी जितकं खडखडावं, तितकं पाणी सांडायचं!

तो तिरपा जॅक अजून साईटवरच असलेल्या पद्मजाला दिसला. “थांबवा! बन्सीकाका, थांबवा!”

“ताई, स्लॅब मधीच थांबवत नसतेत. जोड राहतो, मग गळतंय छत.”

“गळू द्या!” म्हणत तिनं धावत येऊन माझ्या इंजिनाचा खटका स्वतःच ओढला.

मी गप्प झालो. व्हायब्रेटरवालाही चकित होऊन थांबला. त्या शांततेत चिमीचं रडणं सगळ्यांना ऐकू आलं. किती वेळ रडत होती, कुणास ठाऊक! आवडाबाई जिन्यावरून धडपडत उतरली आणि तिनं लेकरू उचललं. दहा पावलंही गेली नसेल, तोच जॅक निसटला. फळी तुटली आणि ओलं काँक्रीट धप्पकन रिकाम्या झोळीवर पडलं.

मित्रांनो, ते पाणी माझंच होतं.

स्लॅबला जोड राहिला. काम लांबलं. घराचे मालक चिडले. त्यात तिसऱ्या दिवशी मुकादम बद्रीनाथ आला, “साहेब, बाया म्हणत्यात आमी दुसरीकडं जातो. लेकरं जगली तर काम.” मुकुंदराव माझ्याशेजारीच बसले होते. यंत्रं नवी होती, पण ती चालवायला माणसं उरणार नव्हती. पद्मजाची आई अंबिका कंपनीचं ऑफिस सांभाळायची. तीही साईटवर आली होती. ती म्हणाली, “अहो, पोरीनं विचारलं तेव्हाच ऐकायला हवं होतं.”

मित्रांनो, नवी यंत्रं जरूर आणा. जुन्याची गळती मात्र वेळेवर बुजवा, आणि यंत्र सुरू करण्याआधी त्याच्या आसपास कोण निजलंय ते वाकून बघा. आम्हा लोखंडाला तोंड नसतं हो.

अंबिका बोलत होती, तेवढ्यात शाळेचं दप्तर खांद्यावर घेऊन पद्मजा पुढं आली. तिची मान ताठ होती.

“आई, पप्पा, माझं ठरलंय. सिमेंटला पत्र्याची खोली अन् लेकरांना झोळी, हे आता चालायचं नाय. सिमेंट ताडपत्रीखाली राहील, खोली बाळांची. एक बाई दिवसभर त्यांच्यापाशी बसेल, अन् तिची हजेरी लागेल, मजुरीही मिळेल. आणि मिक्सर सुरू करायचं हँडल? ते आजपासून त्या बाईपाशी. सगळी बाळं खोलीत आली, असं ती म्हणेल तेव्हाच बन्सीकाकांना मिळेल. पप्पा, तुम्ही मागितलं तरी नाय!”