एकशे त्रेसष्ट माणसांचं कुटुंब

डॉ. नागसेन ओव्हाळ स्वतःला हुशार समजत, आणि त्यांच्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे याच समजुतीतून झालेले होते. हे त्यांनाही ठाऊक होतं. तळेगाव ढमढेऱ्यात तेहतीस वर्षं दवाखाना चालवलेल्या माणसाला निदान स्वतःचा रोग तरी ओळखता यायला हवा, असं ते म्हणत. ओळखता येई; उपचार तेवढा सापडला नव्हता.

दीड वर्षापूर्वी दवाखान्यात कॉम्प्युटर आला. त्याआधी पेशंटची माहिती जाड पिवळ्या कार्डांवर असे, आणि कार्डांवर नसलेली सगळी कंपाउंडर पोपटरावांच्या डोक्यात. कोणाचा रिपोर्ट यायचा बाकी आहे हे पोपटराव भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहीत आणि दिवस उलटला की साहेबांच्या मागे लागत. नवं सॉफ्टवेअर आल्यावर डॉक्टरांनी कार्डं गोणीत भरून माळ्यावर टाकली, कॅलेंडर उतरवलं आणि सांगितलं, "पोपटराव, आता तुम्ही निवांत राहा. हे सगळं आपोआप होतं." पोपटराव निवांत राहिले. इतक्या वर्षांत साहेबांचं इतकं तंतोतंत त्यांनी प्रथमच ऐकलं.

पहिल्याच दिवशी अडलं. बाजारचा दिवस, बाहेर चाळीस माणसं, आणि आत बसलेल्या म्हातारीकडे मोबाईल नाही. दहा आकडी नंबर भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकेना. अशा वेळी साध्या माणसानं सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला असता. डॉक्टर हुशार असल्यामुळे त्यांनी स्वतःचा नंबर टाकला. कॉम्प्युटरनं विचारलं, हा नंबर आधीच नोंदलेला आहे, कुटुंबातील सदस्य म्हणून जोडायचं का? डॉक्टरांनी 'हो' दाबलं. म्हातारी त्यांच्या घरात आली, रांग सुटली, आणि डॉक्टर दिवसभर स्वतःवर खूश होते.

मग काय, ज्याच्याकडे मोबाईल नाही, ज्याला नंबर आठवत नाही, ज्याचा मोबाईल मुलगा घेऊन गेला, ते सगळे ओव्हाळांच्या कुटुंबात दाखल होऊ लागले. जन्मतारीख ठाऊक नसलेल्यांची तारीख डॉक्टरांनी जुन्या शाळामास्तरांच्या रिवाजानं सरसकट एक जून टाकली. त्यामुळे एक जूनला सकाळी सात वाजल्यापासून त्यांच्या मोबाईलवर वाढदिवसाच्या चौऱ्याहत्तर शुभेच्छा आल्या. पुढे त्यांना गोवराचा डोस राहिल्याची आठवण आली, पाळी चुकल्याबद्दल विचारणा झाली, आणि दिवाळीच्या आधी, घरात गॅसची टाकी उचलत असताना, 'आपण आता पाचव्या महिन्यात आहात, जड वस्तू उचलू नका' असा निरोप आला. बायकोनं तो वाचला आणि ती दोन दिवस हसत होती. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी त्या निरोपांचा आवाज बंद केला. मोबाईल आपल्याला किती सफाईनं वापरता येतो, याचं त्यांना कौतुकही वाटलं.

जानेवारीत कस्तुराबाई आल्या. आठवडी बाजारात मेथी-कोथिंबीर विकणारी बाई, नवरा नाही, मुलगा पाटसच्या साखर कारखान्यात कामाला. गळ्यावर सुपारीएवढी गाठ. डॉक्टरांना गाठ आवडली नाही. त्यांनी बाईंना शिरूरला पाठवून गाठीत सुई घालून तपासणी करून घेतली आणि म्हणाले, "काही वाईट निघालं तर मोबाईलवर निरोप येईल. नाही आला तर समजायचं, सगळं ठीक आहे."

"माज्याकडं कुठं मोबाईल, डाक्टर?"

"त्याची व्यवस्था मी केली आहे," डॉक्टर म्हणाले. ते खरंच होतं.

तीनेक आठवड्यांनी बाजारच्या दिवशी, दवाखान्याच्या गर्दीतच त्या पुन्हा आल्या आणि टेबलावर पेढ्यांचा पुडा उघडून धरला. डॉक्टर स्क्रीनवर कुणाचं तरी ब्लडप्रेशर भरत होते. नातू झाला असेल, असं त्यांना वाटलं. पेढे घरात बंद होते, म्हणून त्यांनी चटकन एक तोंडात टाकला, "अभिनंदन, अभिनंदन," म्हणाले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

त्यानंतरच्या रविवारी दौंडला डॉक्टरांची सभा होती. कागदाशिवाय दवाखाना कसा चालवावा, यावर बोलायला त्यांना बोलावलं होतं. दोनदा 'मी कसला बोलणार' म्हणून झालं होतं, आणि आयोजक आता खरंच दुसऱ्या कुणाला विचारतील या भीतीनं तिसऱ्यांदा त्यांनी घाईघाईनं होकार दिला होता. सभागृहात साठेक डॉक्टर होते. डॉक्टर ओव्हाळांनी आपला मोबाईल मोठ्या पडद्याला जोडला आणि सांगितलं, "रिपोर्ट आला की पेशंटला एका सेकंदात निरोप. हे बघा."

पडद्यावर सगळ्यात वर आलं: कुटुंबातील एकूण सदस्य एकशे त्रेसष्ट. सभागृह हसलं. लपवण्यात अर्थ नव्हता, तेव्हा डॉक्टरांनी आपल्या युक्तीची कथा सांगून टाकली, अगदी रंगवून. गॅसची टाकी सांगितली, वाढदिवस सांगितले. लोक डोळे पुसायला लागले. डॉक्टर एकेक निरोप वर सरकवत वाचून दाखवत होते. भाषण इतकं चांगलं रंगेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"पुढचा ऐका," ते म्हणाले आणि वाचायला लागले. "कस्तुराबाई, आपला रिपोर्ट आला आहे. कृपया तातडीने डॉक्टरांना भेटा."

त्यावर तारीख होती. त्याला बावीस दिवस झाले होते. खाली पहिली आठवण होती, मग दुसरी, आणि त्याखाली, 'ही शेवटची आठवण आहे'. मागच्या रांगेतला एक जण अजून हसत होता. डॉक्टरांनी वायर ओढली, "माफ करा," म्हणाले आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून सरळ बाहेर आले.

गाडीत बसून त्यांनी रिपोर्ट उघडला. कॅन्सर. थायरॉईडचा, वेळेवर ऑपरेशन केलं तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होणारा. 'वेळेवर' या शब्दाशी येऊन ते अडले. मग त्यांनी पोपटरावांना फोन लावला.

"पोपटराव, कस्तुराबाई कुठं राहतात?"

"कॉम्प्युटरात न्हाई का, साहेब?"

"कॉम्प्युटरात त्या माझ्या घरी राहतात."

"पाटसला हायेत. कारखान्याच्या मागं, पिठाच्या गिरणीला लागून ल्येकाची खोली हाय. गाठीचं काय न्हाई म्हनून बिनघोर ऱ्हायला गेल्या. पेढं दिलं की तुम्हालाबी."

"ते कशाचे होते?"

"निरोप आला न्हाई, त्येचे."

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मला एकदा विचारायचंत, रिपोर्टचं काय झालं म्हणून."

"मला वाटलं, आपोआप हुतंय," पोपटराव म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि त्यामुळे ते जास्तच लागलं.

दौंडहून पाटस फार लांब नाही. उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत जाताना डॉक्टरांनी बाईंना सांगायला तीन कारणं तयार केली. पहिलं नेटवर्कचं होतं. ते त्यांनीच रेल्वे फाटकापाशी सोडून दिलं. दुसरं सॉफ्टवेअरच्या चुकीचं. पण बिचाऱ्या सॉफ्टवेअरनं चार वेळा सांगितलं होतं, आणखी काय करायला हवं होतं त्यानं? तिसरं कामाच्या व्यापाचं होतं. त्याच्या मध्येच पेढा आला. गिरणीपाशी गाडी लावली तेव्हा डॉक्टरांजवळ एकही कारण शिल्लक नव्हतं आणि शरम मात्र भरपूर होती.

कस्तुराबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. डॉक्टरांना पाहून त्या उठल्या, आत चटई टाकली. सून पाणी घेऊन आली. डॉक्टरांनी पाणी तसंच ठेवलं आणि आधी रिपोर्ट सांगितला, मग उरलेलं सगळं.

"मरंन का मी?" बाईंनी विचारलं.

"नाही. उद्या पुण्याला जाऊ, मी बरोबर येतो. ऑपरेशन करावं लागेल. ही बरी होणारी गाठ आहे. पण मी तुमचे बावीस दिवस घालवले."

"म्हंजी निरोप आला व्हता."

"आला होता."

"कुनाकडं?"

"माझ्याकडं. चार वेळा."

बाईंनी लसणाची पाकळी बोटांत फिरवली. "आन् तुमी पेढा खाल्ला."

"खाल्ला," डॉक्टर म्हणाले.

बाई ती पाकळी सोलायला लागल्या. तेहतीस वर्षांत डॉक्टरांना पुष्कळांनी शिव्या दिल्या होत्या. आज कुणी दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काहीतरी करावं म्हणून त्यांनी मोबाईल काढला. "मुलाचा नंबर सांगा. आत्ताच्या आत्ता बदलून टाकतो."

"त्येचा नंबर दर दोन म्हयन्याला बदलतोय," बाई म्हणाल्या. "तुमचाच ऱ्हाऊ द्या. फकस्त आलेलं वाचत जा, डाक्टर."

डॉक्टरांनी मान हलवली आणि तिथंच, बाईंच्या देखत, निरोपांचा आवाज चालू केला. उद्या किती वाजता निघायचं, सोबत कोण येणार, हे सुनेशी बोलून ते उठायला लागले, तेवढ्यात हातात मोबाईल वाजला.

"काय म्हनतोय?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी वाचलं, "आपण आता नवव्या महिन्यात आहात. दवाखान्याची पिशवी भरून ठेवा."

सून तोंडाला पदर लावून हसली. बाई हसल्या नाहीत. "कुनाला नववा लागलाय?"

डॉक्टरांनी निरोप खालीवर करून पाहिला. त्यात नाव नव्हतं. "माहीत नाही," ते म्हणाले.

"मंग इच्यारा की," कस्तुराबाई म्हणाल्या, आणि डॉक्टर पुन्हा चटईवर बसले व त्यांनी पोपटरावांना फोन लावला.