पुढच्या सीटवरचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुनी काळी-पिवळी जीप आहे. केज गावात एका लिंबाखाली उभी असते. माझ्या टपावर सध्या कोंबडी बसली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका. मी बोलायला लागले की तिला नेहमीच कंठ फुटतो.

कारखान्यातून आले तेव्हा मी अशी चकाकत होते, की लोक माझ्या बॉनेटमध्ये बघून भांग पाडायचे! माझ्या मालकानं, इलियासभाईंनी, मला हार घातला आणि दुसऱ्याच दिवशी धारूरच्या रस्त्याला जुंपलं. "चला धारूर, धारूर! एकच सीट!" आत मुंगी शिरायला जागा नसली तरी त्यांची ती एक सीट शिल्लकच असायची. मी नवऱ्या सासरी पोचवल्या, बाळंतिणी दवाखान्यात नेल्या, टपावर शेळ्यासुद्धा वाहिल्या. वाटेत कधी दगा दिला नाही. "गाडी हाय का घोडी!" असं कुणी म्हटलं की मी फुगून जायचे.

एक गोष्ट मात्र तेव्हाही मला खटकायची. इलियासभाईंच्या बायकोचं, अकबरीभाभींचं, माहेर धारूरचं. त्या हौसेनं पुढच्या सीटवर बसायच्या, तेवढ्यात एखादे गुरुजी नाहीतर म्हातारी यायची. मग इलियासभाई म्हणायचे, "तू घरचीच हायस, सरक मागं." आणि भाभी मुकाट मागच्या फळीवर जाऊन बसायच्या.

पुढं माझं परमिट संपलं. प्रवासी गेले, हाका गेल्या. भाभी माझ्यावर मिरच्या वाळत घालू लागल्या. कधीमधी बाजाराला जायचे तेवढंच. खरं सांगू? फार एकटं वाटायचं हो!

आणि एके दिवशी स्पेनहून फोन आला. भाईंची लेक आफ्रीन तिकडं नोकरीला आहे. "अब्बा, अम्मीला घेऊन या. मी गाडी भाड्यानं घेते. चालवा तुमी, मी मागं बसून वाट सांगते. जुनी गावं, किल्ले, जैतुनाची, म्हंजी ऑलिव्हची, रानं बघत निवांत फिरू."

भाभींचा चेहरा असा खुलला म्हणता! त्यांनी एकच मागणं मागितलं. "मी पुढं बसनार. आजवर गाडीतून मला निस्त्या लोकांच्या पाठीच दिसल्या."

झालं, इलियासभाईंच्या अंगात आलं. ताटली स्टेअरिंगसारखी धरून ते माझ्या डाव्या सीटवर बसू लागले, कारण तिकडं स्टेअरिंग डावीकडं असतं म्हणे. पण सवय जाते कुठं? माझ्या बॉनेटवर खडूनं त्यांनी जी गावं लिहिली, ती वाचून मलाच धाप लागली. पहाटे निघायचं, गावात गाडी वळवायची, की पुढचं गाव! वर लेकीला म्हणाले, "मोठी गाडी घे. रिकामी गाडी पळवायची आपली रीत न्हाई." आणि शेजारच्या हनुमान पंक्चरवाल्याला त्यांनी चक्क पुढची सीट देऊन टाकली. त्याला मागं बसलं की मळमळतं ना!

"मंग तुमी आन हनुमानभाऊच जा," भाभी म्हणाल्या आणि आत गेल्या. दोन दिवस त्या स्पेनचं नावसुद्धा काढेनात.

आफ्रीन बापाला चांगलीच ओळखून. ती म्हणाली, "अब्बा, आदी आपल्या जीपमदी अम्मीला निवांत धारूरचा किल्ला दावून आना. जमलं तरच तिकिटं काढते." आता गंमत बघा, जन्मभर धारूरला जाणाऱ्या या माणसानं बायकोला तो किल्ला कधी दाखवलाच नव्हता. स्टँडवर माणसं उतरवली, की माघारी!

रविवारी आम्ही निघालो. भाभी पुढं, अंगावर नवी ओढणी. डोंगरात सीताफळं पिकलेली. "थांबा ना जरा," असं भाभी म्हणेपर्यंत सीताफळवाली मागं पडलेली. आणि वळणावर भाजीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या गीताबाईनं हात केला. माझे ब्रेक कच्चकन लागले!

"चला धारूर!" भाई ओरडले. म्हातारी पाटीसकट चढायला आली. भाभी उतरल्या आणि मागच्या फळीवर जाऊन बसल्या. मला तर रडूच आलं. अहो, रेडिएटर गळायला लागला माझा!

भाई मजेत. थोड्या वेळानं डावीकडं हात करून म्हणाले, "बग, किल्ला दिसाया लागला!"

"मी तर रोजच बगते की," गीताबाई म्हणाली.

भाईंनी चमकून आरशात पाहिलं. मागं भाभी मान खाली घालून बसल्या होत्या. मी कडेला उभी राहिले.

"भाऊ, बायकूला फिरवाया निगालात व्हय?" गीताबाई भडकली. "मंग मला कावून बशिवलं हितं? उतरा, मी जाते मागं."

इलियासभाई खाली उतरले. मागच्या दाराशी गेले. "अकबरी, चुकलं माझं. चल पुढं." मग त्यांनी खांद्यावरचा चौकड्याचा रुमाल काढला आणि एसटीत जागा धरतात तसा पुढच्या सीटवर टाकला. "ही सीट भरली. कुनी का येईना!"

भाभी हसल्या. हसल्या आणि लगेच म्हणाल्या, "सीताफळवाली मागं ऱ्हायली." मग काय, मी माघारी वळले! गीताबाईसुद्धा खूश. त्या दिवशी मी इतकी हळू चालले, की बैलगाडीनं मला मागं टाकलं. गीताबाईला बाजारात सोडून त्या दोघांनी किल्ल्याच्या पायऱ्यांवर बसून सीताफळं खाल्ली. एवढा आनंद मला नवी असतानाही झाला नव्हता.

घरी येताच भाईंनी खडूची गावं पुसली. तीनच ठेवली. हनुमानाची सीटही काढून घेतली. त्यानं तर हात जोडले, "सुटलो बाबा! मला ठेच्याबिगर घास उतरत न्हाई."

आता ते दोघं तिकडं आहेत. हनुमान रोज मला चालू करून बघतो. काल त्यानं मोबाइल माझ्या काचेसमोर धरला. फोटोत छोटीशी पांढरी गाडी, भोवती जैतुनाची झाडं, दूर टेकडीवर जुना किल्ला. भाभी झाडाखाली उभ्या राहून खळखळून हसत होत्या. रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. तरी त्यांच्या पुढच्या सीटवर चौकड्याचा रुमाल टाकलेला होता.

मित्रांनो, म्हाताऱ्या गाडीला अधूनमधून तेलपाणी करा, कोंबड्या हाकला. आणि तुमच्या घरात नेहमी मागं कोण बसतं, ते एकदा आरशात बघा. त्याच्यासाठी पुढं रुमाल टाका.